साठ दाण्यांचा चेंडू

मे महिन्यात लातुरात पंखा बंद करायला सांगणं म्हणजे घरातल्या माणसांशी वैर घेणं. माझ्या खेळाचा पहिला नमुना पंख्यानंच मोडीत काढला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

जेवणाच्या टेबलाला चारी बाजूंनी पट्ट्या क्लॅम्पनं आवळल्या होत्या. दोन टोकांना आम्ही दोघं, हातात दोन फळकुटं आणि मधे टेबल टेनिसचा चेंडू. उसळवायचा नाही, नुसता घरंगळत एकमेकांकडं ढकलायचा. कागदावर सगळं बरोबर होतं. पंखा पाचवर. चेंडू सोडला, तो निम्म्यापर्यंत गेला, तिथं घुटमळला आणि वळून फ्रिजकडच्या कोपऱ्यात जाऊन बसला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. हा चेंडू जेमतेम 2.7 ग्रॅमचा असतो, छताच्या पंख्याखाली तो कुणाचंच ऐकत नाही. बायको म्हणाली, "वारा येईल तिकडं वळतोय. पुढारीच निघाला की हा."

मी आयटीआयला सुतारकामाचा निदेशक होतो. 29 वर्षं पोरांना रंधा कसा धरायचा ते शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात जितकी शेल्फं बसवता येतील तितकी बसवून झाली होती, आणि बायकोनं "आता आणखी एक खिळा नाही" असं बजावलं होतं. तेवढ्यात तिचाच खांदा धरला. उजवा. तिला साखर आहे, आणि साखरवाल्यांना हा त्रास जास्त होतो, असं डॉक्टर म्हणाले. फ्रोजन शोल्डर. अंबाडा घालता येईना, पदर मागून पुढं घेता येईना, वरच्या फडताळातला चहाचा डबा काढायला मला हाक. दुखणं रात्री जास्त. त्या कुशीवर झोपणं बंदच.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम दिले. दाराच्या वर पुली बसवून दोरी ओढायची. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, जिथवर पोचतील तिथं पेन्सिलीची खूण करायची. टेबलावर टॉवेल ठेवून त्यावर हात टेकवायचा आणि सरकवत पुढं न्यायचा. रोज 20 मिनिटं. पुली मी त्याच दिवशी बसवली, लाकडी ठोकळ्यासकट, भक्कम. पाचव्या दिवशी तिच्या दोरीवर दोन टॉवेल वाळत होते.

भांडलो नाही. तिच्या समोर बसलो, म्हटलं, निदान टेबलावरचं तरी कर. तिनं टॉवेलवर हात ठेवून पुढं सरकवला, मागं आणला. पुढं, मागं. सहाव्या वेळी थांबली आणि म्हणाली, "पलीकडं आहे काय, म्हणून मी हात न्यायचा?"

हा सगळा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते उत्तर शोधायला मला जवळपास 9 महिने लागले.

आधी जे सुचलं ते

सगळ्यांना सुचतं तेच सुचलं: टेबल टेनिस. त्याचं टेबल 9 फूट बाय 5 फूट. आमचा हॉल 12 बाय 10. टेबल बसवलं तर खेळणारे जिन्यात उभे करावे लागले असते. आणि खांदा धरलेल्या माणसानं दर दोन मिनिटांनी दिवाणाखालचा चेंडू काढायला वाकायचं, हा कुठला व्यायाम? मग कॅरम. 29 इंचाचा बोर्ड घरात होताच. पण कॅरममध्ये हलतात ती बोटं. खांदा जागच्या जागी, उलट तासभर वाकून मान आखडते. एअर हॉकीसारखं, खालून हवा सोडणारं टेबल पोरानं सुचवलं. त्याला म्हटलं, बाबा, लाइट गेल्यावर काय करायचं, फुंकायचं का?

तर तिचा हात टेबलावर टेकलेला राहिला पाहिजे, म्हणजे हाताचं वजन टेबल पेलेल आणि खांद्याला फक्त सरकवायचं काम उरेल. चेंडू टेबलाबाहेर जाता कामा नये. पुढं चेंडू असला पाहिजे, म्हणजे हात न्यायला कारण मिळेल. एवढं ठरलं.

फळीसाठी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमधून 12 मिलिमीटरच्या प्लायचे दोन तुकडे आणले, प्रत्येकी अडीच फूट बाय अडीच फूट. मधे लांब बिजागरी. उघडली की 5 फुटांची फळी, मिटली की दिवाणामागं उभी. कडेच्या पट्ट्यांना मात्र बाजारचं लाकड वापरलं नाही. आमचं गाव औसा तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर आमच्या माळवदाच्या घराला राहण्यात अर्थ उरला नव्हता. माती काढली, लाकूड उतरवलं. सागवानी तुळया केव्हाच विकल्या गेल्या, पण किलचनाच्या, म्हणजे तुळयांवर आडव्या बसवलेल्या, पट्ट्या वडलांनी कुणाला दिल्या नाहीत. तीस वर्षं त्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून होत्या. रंधा मारल्यावर आतून जो रंग निघाला तो पाहून मी काम थांबवून चहा पिऊन आलो.

ती डाव्या हातानं खेळली

पंख्याचा धडा शिकून मी वजनदार चेंडूकडं वळलो. विद्यार्थ्याच्या लेथवर शिसमाचा गोळा कातून काढला, तळहाताएवढा, 110 ग्रॅम. दिसायला देखणा. पहिल्याच टोल्याला बायकोच्या हातात झिणझिण्या आल्या आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं की तो गोळा आजपर्यंत पेपरवेट म्हणून कामाला आहे.

मग गंजगोलाईत गेलो. तिथं 16 रस्ते एकत्र येतात आणि दर रस्त्याला निराळा बाजार. दोन दुपारी मी चेंडू शोधत फिरलो. रबरी फार उड्या मारतात. टेनिसच्या चेंडूची लव कापडाला धरून बसते. शेवटी खेळण्यांच्या गाड्यावर कडक प्लास्टिकचा पोकळ चेंडू मिळाला. व्यास 65 मिलिमीटर, घरच्या वजनकाट्यावर 31 ग्रॅम. पंख्याला दाद देत नाही, हाताला हिसका देत नाही. दुकानदाराला सहा मागितल्यावर त्यानं विचारलं, "नातवंडं किती?" एकही नाही म्हटल्यावर त्यानं हिशेबाकडं लक्ष वळवलं.

सगळं जमलं. बायको बसली, खेळली, हसली सुद्धा. तीन दिवस रोज अर्धा तास. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ती डाव्या हातानं खेळतेय. दुखरा उजवा हात मांडीवर, साडीच्या घडीत, आरामात. तिला विचारलं, तर तिच्याही लक्षात आलं नव्हतं. माणूस दुखऱ्या हाताला कामातून कधी वगळतो हे त्याचं त्यालाही कळत नाही.

इतके दिवस मी फळीवर मरत होतो, आणि चूक हातातल्या फळकुटात होती. मी ते टेबल टेनिसच्या बॅटीसारखं केलं होतं: एका हाताचं, मनगटात फिरणारं. त्यानं मनगट फिरतं, खांदा नाही.

नवी थापी केली. (थापी हे नाव आईचं, कुंभाराच्या थापीवरून.) 14 इंच लांब सपाट पट्टी, उभी कड 2 इंच, आणि दोन टोकांना दोन मुठी, जॅक रंध्याच्या मुठीसारख्या. दोन्ही हातांनी धरल्याशिवाय ती सरळ चालतच नाही. एका हातानं ढकलली की तिरकी होते आणि चेंडू भलतीकडं जातो. आता डावा हात उजव्याला बरोबर घेऊन जाऊ लागला. उजव्यानं जोर लावायचा नाही, नुसतं सोबत जायचं, आणि जमेल तसा हळूहळू वाटा उचलायचा. फिजिओच्या मॅडमना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, काठी दोन्ही हातांत धरून करायचा व्यायाम आहे, तोच तुम्ही आडवा केलात. मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही. काठी आम्हाला आधीच दिली असती तर?

अवघडपणा कमीजास्त करायला काही बनवावं लागलं नाही. खुर्ची इंचभर मागं सरकवली की हात इंचभर जास्त पुढं न्यावा लागतो. फरशीवर खडूच्या रेघा मारल्या. तिची खुर्ची कोणत्या रेघेवर आहे यावरून खांदा कुठवर आला ते कळायचं. नियम एकच: कळ आली की थांबायचं, आणि थांबल्यावरही ती रेंगाळली तर दुसऱ्या दिवशी खुर्ची एक रेघ पुढं.

उजव्या कोपऱ्यातला चेंडू मात्र तिला अजिबात आवडायचा नाही. "मुद्दाम टाकताय," म्हणायची. मुद्दामच टाकत होतो, पण खरं सांगतो, जिंकायला. मागाहून कळलं की कोपर अंगाला ठेवून हात बाहेर वळवणं हीच हालचाल या आजारात सगळ्यात घट्ट अडकलेली असते. माझ्या कुजकेपणाचा असा उपयोग झाला.

घोंगडी, आणि आई

आता आवाज. प्लास्टिकचा चेंडू लाकडी पट्टीवर आपटला की टक्क. भर दुपारी दीड वाजता, सगळी गल्ली आडवी झालेली असताना, टक्क टक्क टक्क. खालच्या मजल्यावरचे काका वर आले. काही बोलले नाहीत, दारात उभं राहून "काय, फर्निचरचं काम काढलंय वाटतं?" एवढंच.

पट्ट्यांना आतून मऊ काहीतरी लावायला हवं होतं. हवाई चपलेचा तळ कापून लावला, तर चेंडू आणखीच उसळी घेऊ लागला. मग गावाकडची जुनी घोंगडी आठवली. आईनं ती मेंढरंवाल्यांकडून धान्य देऊन घेतलेली. कड झिजलेली होती, तरी तिला कात्री लावायला आईची परवानगी मिळवण्यात दोन दिवस गेले. दीड इंचाच्या पट्ट्या कापून फेव्हिकॉलनं चिकटवल्या. तशीच थापीच्या कडेला. लोकरीत चेंडू येऊन गप्प. आवाज गेला आणि चेंडूचा माजही उतरला. फळीवर खादी भांडारातलं जाड कापड ताणून बसवलं. मी खूश.

इथं मला टेबल टेनिसचीच एक गोष्ट आठवते. 1952 साली जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. जपानचे हिरोजी सातोह जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आले. त्यांच्या टोल्याचा आवाजच यायचा नाही. तोपर्यंत सगळे खेळाडू कानावरही खेळत होते, टोला किती जोराचा हे आवाजावरून ओळखत होते. सातोह एकेरीचं विजेतेपद घेऊन गेले.

ही गोष्ट मी कौतुकानं आईला सांगितली. आई 84 वर्षांची. काचबिंदूनं एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं उजेड आणि हालचाल तेवढी कळते. इतके दिवस ती बाजूच्या खुर्चीत बसून आमचा खेळ ऐकत असायची. घोंगडी लावल्यापासून तिला काहीच ऐकू येत नव्हतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ती म्हणाली, "मला मेलीला आवाजावरच कळत हुतं. तू त्योबी बंद केलास."

मग तिनंच तोडगा सांगितला: "घुंगरू बांध की चेंडूला." घुंगरू बाहेरून बांधलं तर चेंडू लंगडत चालेल. म्हणून आत. दीड सुताचं भोक पाडलं, तेवढ्यातून जाईल असं घरात काय? डब्यात ज्वारी होती. वाटीभर आणून कागदाच्या नळीतून ओतली. एक तृतीयांश भरला असेल. भोक एम-सीलनं बुजवलं. हलवून पाहिला, छान वाजला. आई म्हणाली, "काय करलालास रे बाबा, खुळखुळा?"

फळीवर ढकलला. वीतभर गेला आणि थांबला. पुन्हा ढकलला, पुन्हा वीतभर. रुसलेल्या व्याह्यासारखा, दर पावलाला मनधरणी.

पण मला त्या वीतभरातच काहीतरी सापडलं होतं. तोपर्यंत आमची खरी अडचण वेगळीच होती, ती मला सांगता येत नव्हती एवढंच: चेंडू फार लवकर येत होता. घोंगडीनं कडेच्या पट्ट्यांवरची उसळी कमी केली, पण सरळ येणारा टोला तसाच. बायकोला हात पुढं न्यायला दोन-अडीच सेकंद लागत. तेवढ्यात चेंडू आत. मग ती दचकून हिसक्यानं हात टाकायची, आणि हिसका म्हणजे कळ. खेळ हळू करायचा कसा, यावर मी कापडं बदलून पाहिली होती, सोलापुरी चादरसुद्धा घालून झाली (तिच्या विणीच्या धारेनं चेंडू नालीतून गेल्यासारखा एकाच दिशेला जातो). आणि इथं ज्वारीनं ते आपोआप केलं होतं. चेंडू फिरतो तसे दाणे आत वर चढतात, घसरतात, एकमेकांवर घासतात, आणि चेंडूचा वेग त्या घासण्यात जिरतो. फक्त डोस जास्त झाला होता.

त्या रात्री आम्ही तिघं फरशीवर बसून दाणे मोजत होतो. 200 दाणे: फळीच्या मध्यापर्यंतही नाही. 120: कसाबसा. 80: पोचतो, पण थकून. 60 दाण्यांना चेंडू सावकाश, रमतगमत, वाजत वाजत पलीकडं गेला. अर्धा चमचाही नाही. एम-सीलच्या बुचानं चेंडू एका अंगाला झुकत होता, म्हणून बरोबर समोरच्या बाजूला आणखी एक तेवढाच ठिपका आतून बसवला. त्यासाठी दुसरा चेंडू दोन भागांत कापून पुन्हा जोडावा लागला. रात्रीचे पावणेबारा. 40 दाणेही घालून पाहू म्हटलं तर आई म्हणाली, "आता जेवढे हायती तेवढे ऱ्हाऊ दे."

हळू चेंडूनं एक नवं दुखणं आणलं. दोघांचेही हात पोचत नाहीत अशा मधल्या पट्ट्यात तो थांबू लागला. उठून आणायचा म्हणजे खेळ तुटला. उपाय बिजागरीतच होता. मधोमध बिजागरीखाली 1 इंचाची पट्टी सरकवली. छपराला आढं असतं तसं मधे उंच, दोन्हीकडं उतार. आता चेंडू मधे थांबत नाही, इकडं नाहीतर तिकडं हळूच घरंगळून येतो. पलीकडं पाठवायचा तर चढ चढवावा लागतो, म्हणजे हात शेवटपर्यंत न्यावाच लागतो, अर्ध्यात सोडून चालत नाही. आधी पाव इंचाची पट्टी घातली होती, तेवढ्या उतारावर दाण्यांचा चेंडू हलायला तयार नव्हता.

दुसऱ्याची वाट

एवढं झाल्यावर मला वाटायला लागलं की हे जगात कुणालाच सुचलं नसेल. भाच्याला म्हटलं, पेटंट कसं काढतात बघ. त्यानं पाच मिनिटांत मोबाइलवर शोडाउन दाखवलं. अंधांसाठीचा खेळ, 1960 च्या दशकात कॅनडात सुरू झालेला. कडा उंचावलेलं लांब टेबल, मधे आडवा पडदा, त्याच्याखालून चेंडू पलीकडं जातो. दोन्ही टोकांना गोल, आणि चेंडू आतून वाजणारा. सगळे खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधतात, म्हणजे थोडं दिसणारा आणि अजिबात न दिसणारा सारखेच. गोलला 2 गुण. आणखी एक निघाला, पॉलीबॅट, इंग्लंडमधला, हातांवर पूर्ण ताबा नसलेल्या मुलांसाठी. त्यातही कडा असलेलं टेबल आणि सरकत जाणारा चेंडू.

पेटंटचा विषय मी परत काढला नाही. पण पट्टीची कल्पना उचलली. माझ्याच उपरण्याची पट्टी डोळ्यांवर बांधली आणि आईसमोर बसलो. अंधारात 60 दाणे कुठून येतायत हे ऐकणं काय असतं ते पहिल्यांदा कळलं. समोरून येणारा आवाज उजवीकडून येतोय असं वाटतं. थापी नेली की चेंडू दुसरीकडून गेलेला. फळीच्या टोकाला मच्छरदाणीच्या कापडाची झोळी लावली आहे, तिच्यात तो पडला की 'खुळ्ळ' असा आवाज होतो, आणि त्याच्यानंतर आईचं हसू. 11-3 नं हरलो. आईनं मला शेवटचं हरवलं होतं ते सागरगोट्यांत, मी सात-आठ वर्षांचा असताना.

बायको आणि आईमधला खेळ मात्र बिघडू लागला. दोघीही जिंकायला बसायच्या. गुण मोजायला लागलं की बायकोचा हात पुन्हा हिसके देऊ लागला. एका संध्याकाळी ती कळ मारून उठली, पाणीसुद्धा प्यायली नाही. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमी दोघी जावा जात्याला बसायचो, तवा कोण जिंकायचं रे?"

त्या दिवसापासून सकाळचा खेळ बिनगुणांचा. चेंडू पडू न देता दोघींनी मिळून किती टोले होतात ते मोजायचं. आई मोठ्यानं मोजते. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात असतात, एकीनं ओढायचं तेव्हा दुसरीनं ढकलायचं, लय चुकली की दळण जाडं येतं; हे मला तोंडी माहीत होतं. त्या दोघींना ते हातात माहीत होतं. पहिल्या आठवड्यात 20-25 टोले व्हायचे. दिवाळीच्या सुमारास 143 झाले. त्या दिवशी किती मिनिटं व्यायाम झाला हे कुणी घड्याळात बघितलं नाही. मी बघितलं: 34 मिनिटं. ज्या बाईच्यानं 20 मिनिटं पुली ओढवली नव्हती.

संध्याकाळी खालचे काका येतात (हो, तेच). तेव्हा गुण असतात, चिडाचिडी असते, आणि काकांचा एक चेंडू झोळीबाहेर गेला होता की नव्हता यावर अजून निकाल लागलेला नाही.

सोंडे

ऑगस्टमध्ये चेंडूचा आवाज बदलला. आधी आईच्याच लक्षात आलं. "दाणे वाजंनात, भुसा वाजलालाय." मी म्हटलं, वय झालं. चेंडू कापला तर आत पीठ आणि त्यात तीन सोंडे, निवांत फिरत होते. पावसाळ्यात ज्वारीला कीड लागते हे मराठवाड्यातल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण चेंडूतल्या ज्वारीलाही लागेल, हे सुतारकामाच्या निदेशकाला सुचलं नाही.

सायकलच्या फ्रीव्हीलमधले एक सुताचे छर्रे घालून पाहिले, 16. वाजतात मस्त, पण लोखंडाचे गुळगुळीत गोळे एकमेकांवर घासत नाहीत, नुसते पळतात. चेंडू पुन्हा जोरात येऊ लागला. करडई घातली, तीही जमली नाही. शेवटी आईनं विचारलं, "कणगीत घालताना ज्वारीला काय लावताव?" बोरिक पावडर. कॅरमबोर्डाच्या खणात अख्खी डबी पडली होती. 60 दाण्यांना चिमूटभर चोळली आणि भोक बुजवलं. तेव्हापासून सोंडे नाहीत.

डिसेंबरात येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, फळी शेतात नेली. मिटवून गाडीच्या डिकीत बसली, ही बिजागरीची कृपा. कोपीतली पूजा, भज्जी, आंबील झाल्यावर आंब्याखाली दोन पाट्या उपड्या घालून त्यावर फळी मांडली. जमीन उतरती होती, त्यामुळं चेंडू सारखा माझ्या मेव्हण्याच्या बाजूला जायचा आणि तो तक्रार करत राहायचा. पण पोरं हटेनात. नऊ वर्षांच्या भाचीनं डोळ्यांवर पट्टी बांधून आईशी सामना लावला. पोरांना हळू चेंडूचा कंटाळा येईल असं मला वाटलं होतं. उलट त्यांना तो वाट बघायला लावतो म्हणून ती जास्तच ओरडत होती. घरी परतल्यावर तीन ठिकाणांहून निरोप आले, "आम्हालाही एक करून द्या." दोन केल्या आहेत. तिसरीसाठी किलचनाच्या पट्ट्या पुरत नाहीत, आणि बाजारचं लाकड लावायला मन होत नाही. बघू.

बायकोच्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा आता लाइटच्या बटणांच्या वर गेल्या आहेत. हे फळीमुळं झालं असं मी म्हणणार नाही. हा आजार बऱ्याच जणांचा काळानंही ओसरतो, त्याला वर्ष लागतं, दोन लागतात. मॅडम म्हणाल्या, ज्यानं हात हलता राहिला ते कामाचं. बायको म्हणते, चहाचा डबा मी काढते आता, पण तुमची काढायची सवय मोडू नका.

गेल्या आठवड्यात गावाकडून नवी मालदांडी ज्वारी आली. आईनं परातीत ओतून निवडली, त्यातले टपोरे दाणे बाजूला काढले, आणि चेंडू फोडायला लावला. जुने दाणे चिमण्यांना टाकले. नवे तिनं एकेक बोटानं चाचपत मोजले. अठ्ठावन्नावर परात लोटून दिली. मी म्हटलं, आई, 60. ती म्हणाली, "यंदाचा दाणा भारी हाय. घाल तू."

घातले. 58 च बरोबर निघाले.